काबऱ्याचं दावं

जत तालुक्यात खरातांच्या वस्तीवर रंगुबाईच्या घरी गेलात, तर दाराआडच्या खुंटीकडं बघा. देवाच्या फोटोंना नसेल एवढा मान त्या खुंटीला आहे. तिच्यावर अंबाडीची दावी लटकलेली असतात, तीसेक तरी असतील, काही इतकी जुनी की हात लावला तर तूस गळतं. या घरातनं बाजाराला गेलेल्या एकेका मेंढ्याचं ते एकेक दावं. जनावर विकावं पण दावं विकू नये, दाव्याबरोबर घरची बरकत जाते, असं आमच्याकडं सगळेच मानतात. रंगुबाई जरा जास्तच मानते. एकदा एका व्यापाऱ्यानं चुकून मेंढा दाव्यासकट नेला, तर ही बाई दोन कोस त्याच्या मागं चालत गेली आणि दावं सोडवून घेऊन आली. नवं आणून देतो मावशी, असं तो बिचारा म्हणत होता. त्यावर तिनं त्याला काय सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वय एकसष्ट. नवरा केरबा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात लेक दिग्विजय, सून माया आणि ऐंशी मेंढ्यांचं खांड. मेंढरातली नजर मात्र तिचीच. कोकरू उभं राहून पहिली चार पावलं टाकतंय तोवर ती सांगते, हे ठेवायचं, हे विकायचं. कुणी कारण विचारलं की तिचं एकच उत्तर ठरलेलं: आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं यील? आईबापाच्या रक्तात असेल तेच कोकरात उतरणार, बाकी सगळ्या गप्पा. हा न्याय ती माणसांनाही लावायची. मायाची भाकरी फुगली नाही की मायाच्या माहेरचा आड कोरडा, दिग्विजय दहावीला गणितात गेला तेव्हा केरबाच्या घराण्याचा आड कोरडा. तिचा स्वतःचा आड कधी कोरडा पडल्याचं कुणी ऐकलं नाही.

हे खांड तिनं आणि केरबानं तीस वर्षांत उभं केलेलं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आणि मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचं. कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस, एखाद्या साली पार कराडजवळच्या मलकापुरापर्यंत. तिकडं ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, मेंढरांना पाला आणि वाढं मिळतं, बिऱ्हाडाला ज्वारी मिळते. मृगाच्या आधी परत. या वाटेवर नवराबायकोचा नियम कडक होता. पाच दिवसांच्या चालीत जे कोकरू मागं पडेल, ते कितीही गोंडस असो, त्याला पुढं वंशाला ठेवायचं नाही. तीस वर्षं असं चाळत चाळत शेवटी जो नर उतरला, तो काबऱ्या. अंगावर तपकिरी ठिपके, पोट पाठीला लागलेलं, पाय काटकुळे. सांगितलं तर खोटं वाटेल, पण पाचव्या दिवशीही खांडाच्या पुढं चालणारा. त्याच्यात एकच खोट होती, नाक. आमची माडग्याळी मेंढी ओळखली जाते ती राघूच्या चोचीसारख्या बाकदार नाकानं, आणि काबऱ्याचं नाक होतं जवळजवळ सरळ. लोक हसायचे. रंगुबाई म्हणायची, मेंढरू काय नाकानं चालतंय व्हय?

दिग्विजय सात वर्षं कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात काढून तीन वर्षांपूर्वी घरी आला. तेवढ्या काळात इकडं शिवाराला कालव्याचं पाणी आलं होतं. जिथं हुलगा उगवायची मारामार, तिथं मका आणि घास उभा राहिला. पोरानं ते बघितलं आणि त्याच्या डोक्यात शेड शिरलं. मेंढरं कशाला वणवण फिरवायची, जागेवर चारा घालू, जागेवर वाढवू. तो बोलत होता ते काही खोटं नव्हतं. चौपदरी रस्त्यावरनं मेंढरं न्यायची म्हणजे जीव मुठीत धरायचा, आदल्याच साली दोन मेंढ्या ट्रकखाली गेल्या होत्या. रंगुबाईचे गुडघेही कुरकुरत होते, पण ते ती कुणाला सांगत नव्हती.

आणि मग तो सरदारला घेऊन आला. सरदार म्हणजे प्रदर्शनातला मेंढा. उंची अशी की टेम्पोतनं उतरताना मायानं पदर सावरला. नाक असं बाकदार की चित्रात काढावं. दूध, अंडी, हरभरा खाऊन वाढलेलं ते जनावर. किंमत दिग्विजयनं आईला सांगितली नाही, अजूनही सांगितलेली नाही. विकणारानं रीतीप्रमाणं दावं काढून घेतलं होतं, म्हणून सरदार निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधून आला. घरात नवा नर आला की रंगुबाई त्याच्यासाठी स्वतः अंबाडीचं दावं वळते. सरदारसाठी तिनं ते वळलं नाही. मायानं एकदा आठवण करून दिली, तर म्हणाली, पाव्हण्याला कशाला दावं, आज हाय उद्या जाईल.

दिग्विजयचं म्हणणं सरळ होतं. एका खांडाला दोन नर कशाला? सरदार ठेवू, काबऱ्या विकू. मोठ्या वयाचा मेंढा विकायचा म्हणजे तो कापायलाच जाणार, हे काही सांगायला नको. रंगुबाईचं जेवण त्या दिवशी ताटातच राहिलं. तिच्या लेखी हा एका जनावराचा प्रश्न नव्हता. काबऱ्या गेला म्हणजे तीस वर्षांची चाल गेली, केरबा गेला तो पुन्हा एकदा गेला. माय-लेकांत आठ दिवस बोलणं बंद होतं, निरोप सगळे मायामार्फत.

शेवटी तिनंच तोड काढली. अर्ध्या मेंढ्या सरदारला, अर्ध्या काबऱ्याला. कोकरं तीन महिन्यांची झाली की काटा लावायचा. ज्याची भारी भरतील तो राहील, दुसऱ्यानं बाजार धरायचा. पोरगं लगेच कबूल झालं. सरदारच्या मेंढ्यांना पाठीवर निळीचा ठिपका, काबऱ्याच्या मेंढ्यांना गेरूचा. मेंढ्या वाटल्या रंगुबाईनं स्वतः, आणि इथंच माती खाल्ली. कारण काय, तर पाहुणचार. सरदार कितीही नकोसा असला तरी दारात आलेला पाहुणा. पाहुण्याच्या ताटात चांगलं वाढायचं आणि आपण राहिलेलं खायचं, हे तिच्या हाडामांसात भिनलेलं. तिनं चाळीस थोराड, दुधाळ मेंढ्या सरदारच्या बाजूला घातल्या आणि पहिल्या वेताच्या पाठी नि उतारवयाच्या मेंढ्या आपल्या काबऱ्याला ठेवल्या. बाई एवढी हुशार, पण आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. उलट मनात म्हणाली असेल, एवढं देऊन जिंकले म्हणजे कुणाचं तोंड उघडायला नको.

कार्तिकात कोकरं झाली, त्यांना घेऊन बिऱ्हाड पलूसच्या शिवारात गेलं. माघात तिथंच, एका उसाच्या बांधावर, दिग्विजयनं बाभळीला काटा टांगला. सरदारची कोकरं सरासरी बावीस किलो भरली, काबऱ्याची साडेअठरा. दुसऱ्यांदा वजन करायची गरजच नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. आडाचं आणि पोहऱ्याचं रंगुबाईनंच आयुष्यभर सांगितलं होतं, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? गावी पोचल्यावर पहिल्या बाजाराला काबऱ्याला न्यायचं ठरलं. त्या दिवसापासनं ती काबऱ्याच्या जवळच बसून भाकरी खाऊ लागली. एक तुकडा आपल्याला, एक त्याला. मायानं ते बघितलं आणि तिला रडू आलं, जिचा आड सासूनं शंभर वेळा कोरडा ठरवला होता तिला.

मायाला एक गोष्ट खटकत होती. निळीच्या ठिपक्याच्या मेंढ्यांत मोगरी म्हणून एक मेंढी होती, सगळ्यांत दुधाळ. तिच्यामागं एक कोकरू हिंडायचं, तेवीस किलोचं, सरदारच्या गटातलं जवळजवळ सगळ्यांत भारी. त्याचं नाक मात्र सरळ होतं. सरदारच्या बाकीच्या झाडून सगळ्या कोकरांची नाकं बापासारखी बाकदार, आणि हे एकच असं कसं? मायाला आठवलं. तासगावच्या अलीकडं गेरूची एक मेंढी पोट फुगून मेली होती, त्याच दिवशी मोगरीचं कोकरू मेलं होतं. रंगुबाईनंच मेलेल्या कोकराचं कातडं त्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधून त्याला मोगरीच्या खाली लावलं होतं. वासानं मोगरी फसली आणि तिनं ते आपलं म्हणून पाजलं. काट्याच्या दिवशी दिग्विजयनं मोगरीच्या पाठीवरचा ठिपका बघून त्याला सरदारच्या हिशेबात धरलं.

“आवं आत्या,” माया म्हणाली, “ह्ये पोर काबऱ्याचं हाय. नाक बापाचं आन अंग मोगरीच्या दुधाचं. चांगल्या दुधाच्या सगळ्या तर तुमीच सरदारला दिल्यासा की.”

रंगुबाई बराच वेळ त्या कोकराच्या नाकावरनं हात फिरवत बसली. मग कपाळावर हात मारून घेतला आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. लेकाला बोलावून सगळं सांगितलं. पोरगं तसं सरळ मनाचं, त्यानं मान्य केलं की काटा काही खरा धरता येणार नाही. काबऱ्याचा बाजार एक वर्ष पुढं गेला. मायाला त्या दिवशी सासूनं काय म्हणावं? म्हणाली, तुझ्या आईची नजर चांगली असंल. सून एवढ्यावरच खूश झाली.

दुसऱ्या वेळी चूक नको म्हणून दिग्विजय जनावरांच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या अंकिता मॅडमना घेऊन आला. पोरगी मेढा गावाकडची, डोंगरातली, वयानं लहान पण बोलणं नीट. तिनं सांगितलं की मेंढ्या माणसानं वाटूच नयेत, चिठ्ठ्या टाकाव्यात. शिवाय दोन्ही नरांची अर्धी कोकरं शेडवर ठेवावीत, अर्धी चालीवर न्यावीत, त्याच्याही चिठ्ठ्याच. रंगुबाईनं तिला चहा दिला आणि रोखठोक विचारलं, अंग रक्तानं येतं का चाऱ्यानं, एक काय ते सांग. मॅडम म्हणाल्या की नाकाचं बरंचसं रक्तातनं येतं. अंगाचं तसं नाही. ते ठरवणारं रक्तात एकच काही नसतं. शेकडो बारीक बारीक गोष्टी असतात, काही आईकडच्या, काही बापाकडच्या, एकेकीचा वाटा चिमूटभर. त्यावर आईचं दूध, चारा, पाणी, रोग, चाल. खांडभर कोकरांत जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला किती रक्तामुळं आणि किती चाऱ्यामुळं, याचा अंदाज काढता येतो. पण एकच कोकरू पुढं धरून त्याच्या वजनाची अशी वाटणी करता येत नाही.

“भाकरीत पीठ किती आन जाळ किती, म्हणून इचारल्यागत झालं की ह्ये,” रंगुबाई म्हणाली. मॅडमनी दुसरा कप चहा मागून घेतला.

मायानं वाडग्यातनं चिठ्ठ्या काढल्या. कोकरं झाली, निम्मी शेडवर राहिली, निम्मी रंगुबाईबरोबर निघाली. त्या साली गुडघ्यांनी तिला फार छळलं. तासगावच्या पुढं दोन दिवस ती घोड्याच्या शेपटीला धरून चालली. तिच्या थोरल्या बहिणीचा पोरगा सिद्धू याची मेंढरं बरोबर होती, त्यानं बिऱ्हाड सांभाळलं म्हणून निभावलं. या वाटेवर तिच्या तरुणपणी वीस-वीस बिऱ्हाडं असायची, आता ह्यांची दोन आणि अजून तीन. तरी पाचव्या दिवशी तिला जे बघायचं होतं ते तिनं बघितलं. काबऱ्याची पोरं पुढं होती. सरदारची पोरं नाकं उंच धरून मागनं लंगडत येत होती, त्यातली तीन वाटेतच मेली.

माघात दोन्हीकडं काटा लागला, पलूसला एक आणि घरच्या शेडवर एक. घरचं वजन दिग्विजयनं फोनवर सांगितलं. चालीवर काबऱ्याची एकोणीस, सरदारची साडेसतरा. शेडवर काबऱ्याची बावीस, सरदारची सव्वीस.

रंगुबाई जिंकली होती आणि हरलीही होती. दिग्विजयचंही तेच झालं होतं. मॅडमना फोन लावला तर त्या हसल्या, म्हणाल्या की मालदांडी ज्वारी आणि संकरित ज्वारी तुम्ही बघता की. कोरड्या रानात मालदांडी हात देते, पाणी आणि खत मिळालं की संकरित तिला मागं टाकते. कुठलं बी चांगलं, हे रान सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. दोघंही बरोबर आहात. दिग्विजयला हायसं वाटलं. त्यानं आईला निरोप दिला की काबऱ्याला विकायचं नाही, दोन्ही नर ठेवू, शेडमध्ये जागा आहे. तो मनापासनं बोलत होता.

पण घरी आल्यावर ती चार दिवस शेडमध्ये बसून बघत राहिली. काबऱ्या गव्हाणीपुढं उभा असायचा, मका खायचा, आणि खाऊन झालं की फाटकाकडं तोंड करून थांबायचा. तिला कळत होतं. पुढच्या दिवाळीला आपण निघणार नाही. गुडघे नाही म्हणतायत, पोरगं जाणार नाही, आणि त्यानं का जावं, घरात पाणी असताना? इथं शेडमध्ये काबऱ्याची पोरं दुय्यमच ठरणार. दोन-तीन वर्षांत पोराला दिसेल की ही हलकी भरतात, आणि मग एकेक करून बाजाराला जातील, कुणाच्या वाईटपणानं नाही, काट्यानं. तीस वर्षं तिनं एका वाटेसाठी मेंढरू घडवलं होतं, आणि ती वाट तिच्या घरातनं संपली होती. हे समजलं तेव्हा ती रडली, चांगली मोकळी रडली, आणि मायानं पाठीवर हात ठेवला तो तिनं झटकला नाही.

दिवाळी झाली त्याच आठवड्यात तिनं सिद्धूला बोलावून घेतलं. तो अजून चालणारा माणूस, त्याला शेड नाही आणि पाणीही नाही. तिनं सांगितलं की काबऱ्या घेऊन जा, त्याच्या पंधरा लेकीही घेऊन जा, मला काही नको. सिद्धू गडबडला. एवढा नर कुणी असा देत नाही. त्यानं मावशीच्या पाया पडून काबऱ्याला बाहेर काढलं, आणि रीतीप्रमाणं गळ्यातलं दावं सोडायला वाकला. दिग्विजयनं खुंटीकडं बघितलं. एकतिसावं दावं तिथं लागणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

“ऱ्हाऊ दे रं,” रंगुबाई म्हणाली. “दावं बी ने.”

“मावशे, बरकत जाईल की.”

“जाऊ दे. त्येच्यासंगंच जाऊ दे. ती चालणारी बरकत हाय, इथं बांधून काय करू?”

सिद्धूनं दाव्यावरचा हात काढून घेतला. त्याचं खांड निघालं. रंगुबाई बांधापर्यंत गेली, तिथनं दिसेनासं होईस्तोवर बघत राहिली, आणि काबऱ्या खांडाच्या पुढं आहे एवढं बघून परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माया वैरण घेऊन शेडमध्ये आली तेव्हा सासू आधीच तिथं बसलेली होती. पुढ्यात भिजवलेली अंबाडी होती. सरदारच्या गळ्यातली निळी दोरी सोडून तिनं बाजूला टाकली होती. ती मांडीवर पीळ देत होती, आणि मधूनच उठून सरदारच्या मानेला लावून बघत होती, किती लांब लागतंय ते.